ताई हसल्याचं लेखी आलं

एप्रिलचा दुसरा रविवार, सकाळी साडेसहा. कोपरखैरणे, आमचं चौथ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर.

हजर: मी. भावजय. भाऊ, सोऱ्या दाबायला आणि मधूनमधून बोलणी खायला. दोन किलो गव्हांचा चीक, पातेल्याच्या तळाशी छान बसलेला.

गैरहजर: ताई. कारण, गुडघा.

हजर की गैरहजर, कुठल्या रकान्यात घालावं ते न कळलेला: ताईचा फोन.

हजेरी मांडल्याशिवाय मला काम सुरू करता येत नाही. पावणे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात रबरी गास्केटचं स्टोअर मी कित्येक वर्षं सांभाळते आहे. तिथे यादीत नसलेली वस्तू म्हणजे नसलेलीच वस्तू. घरी भाऊ म्हणतो, हिच्या यादीत नाव नसेल तर माणूसही जेवायचा राहील. तसं एकदाच झालं होतं आणि तो पाहुणा न कळवता आला होता.

आमच्याकडे कुरडया एप्रिलमध्ये माझ्या घरी होतात, कारण वर गच्ची आहे आणि गच्चीवर दिवसभर ऊन आहे. आई गेल्यापासून चीक शिजवते ताई, आमच्या तिघांतली मोठी. दिघ्याला राहते, ब्लाउज शिवते. चीक शिजायला लागला की ती बोट पाण्यात बुडवते, शिजत्या चिकाला चटकन टेकवते, बोटाला काही चिकटलं नाही की म्हणते, "उतरवा." ती तसं म्हणेपर्यंत गॅसच्या बटणाला कोणी हात लावायचा नाही. मी नाही, भाऊ नाही आणि भावजय तर नाहीच.

जानेवारीत ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सहा महिने जिने बंद केले. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. भाऊ म्हणाला, "खुर्चीत बसवून वर नेतो की."

"मी काय गणपती आहे, चार जणांनी उचलून आणायला?" ताई म्हणाली.

दिघ्याला तिच्याकडे करावं तर तिचं घर तळमजल्यावर. समोरच्या इमारतीची सावली दुपारी एकपर्यंत दारातून हलत नाही.

"तुम्ही करा की," ताई फोनवर म्हणाली. "मी नसले म्हणून काय अडतंय?"

इतक्या सहज म्हणाली की मला कळलं, तिला भीती वाटते ती याचीच. काही अडणार नाही याची.

दुसऱ्या बाजूला भावजय, भावासोबत आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारी. ती इथलीच, खाडीकाठच्या गावातली. तिचं माहेर आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. त्यांच्याकडे वाळवण तांदळाचं. गव्हाचा चीक तिने लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला. त्याला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत तिने गच्चीवर प्लॅस्टिक ताणलं, कडांना विटा ठेवल्या, कावळे हाकलले. पातेल्याजवळ उभं राहून वाकून पाहिलं तर ताई म्हणायची, "सर गं, वाफ लागेल." मार्चमध्ये जिन्यात मला गाठून ती हळूच म्हणाली, "छोट्या ताई, यंदा चीक मी शिजवू?"

म्हणजे एका पातेल्यावर दोन उमेदवार, त्यातली एक दहा किलोमीटर लांब. मी तोडगा काढला. चीक भावजय शिजवेल, आम्ही फोटो पाठवू, फोटो बघून ताई "उतरवा" म्हणेल. कागदावर उत्तम दिसत होतं.

फोनचा विचार मी केला नव्हता.

ताईचा फोन तिच्या मुलाने दिलेला, पाठीवर उष्टं फळ असलेला. आमच्या घरात त्याला फळवाला म्हणतात. माझा आणि भावजयीचा फोन दुसऱ्या जातीचा, म्हणजे बाकी सगळ्यांचा असतो तसला. सगळे जण ज्या अ‍ॅपवर बोलतात ते ताईने दोन वर्षांपूर्वीच काढून टाकलं. "पहाटेपासून फुलं, दिवे आणि सुविचार येतात. मी दुकान उघडू की सुविचार वाचू?" ते परत टाक म्हणून तिला कोणी सांगायचं नाही, असा घरात अलिखित ठराव आहे. व्हिडिओ कॉलला तिचा विरोध. "शिवताना माझ्या तोंडात टाचण्या असतात, ते काय बघायचंय?" नुसत्या कॉलवर चीक दिसत नाही. उरला साधा मेसेज.

फळवाला आणि दुसरा फोन यांच्यातला साधा मेसेज म्हणजे काय प्रकार असतो, ते मला त्या महिन्यात कळलं.

पहिल्यांदा मी ताईला कामांची यादी पाठवली. सतरा कामं. बुधवारी गहू भिजत घालणे, रोज पाणी बदलणे, शनिवारी वाटणे, असं सगळं. पाच मिनिटांत ती यादी मला परत आली. जशीच्या तशी, सतराच्या सतरा, वर एक इंग्रजी शब्द: लाइक्ड.

आमच्या स्टोअरमध्ये यादी अख्खी परत आली याचा अर्थ एकच. तिच्यात चूक आहे आणि ती तुम्ही शोधायची. मी दोन्ही याद्या कागदावर उतरवून घेतल्या, फूटपट्टी लावली आणि ओळ न् ओळ ताडून पाहिली. फरक सापडेना. वाटलं, मिठाचं प्रमाण खटकलं असेल. ते कमी केलं आणि पुन्हा पाठवली. पुन्हा परत. मग हिंग वाढवला. या वेळी परत आली ती वर 'लव्ह्ड' असं घेऊन. हा शेरा पहिल्यापेक्षा कडक वाटला. मी फोन लावला.

"ताई, नक्की काय चुकलंय ते एकदा सांग."

"काय चुकलंय? मी अंगठा दिला तुला. तू परत पाठवलीस, परत अंगठा दिला. तरी थांबेनास, तेव्हा बदाम दिला. म्हटलं, आता तरी गप बसेल."

तिने तिच्या फोनवर बोट दाबून ठेवायचं आणि छोटा अंगठा उमटवायचा. माझ्यापर्यंत पोहोचताना त्या अंगठ्याचं निवेदन व्हायचं, मूळ मजकुराच्या प्रतीसह. मिठाचं आणि हिंगाचं प्रमाण मी निमूटपणे पूर्ववत केलं.

हे हसण्यावारी गेलं. पुढचं गेलं नाही.

भावजयीने धीर करून ताईला स्वतः मेसेज केला: 'मोठ्या ताई, तुम्ही आराम करा, यंदा चीक मी शिजवते.' दुपारी ती फोन हातात घेऊनच माझ्या दारात आली. डोळे भरलेले.

"हे बघा. मी काय चुकीचं लिवलं?"

स्क्रीनवर तिचंच वाक्य होतं आणि त्याच्यापुढे इंग्रजीत: लाफ्ड ॲट.

"हसल्या माझ्यावर. आनि नुसत्या हसल्या नाय, लिहून कळवलं. मी चीक शिजवनार म्हटल्यावर हसू आलं त्यांना." तिने फोन पर्समध्ये टाकला. "तुमीच शिजवा. मी विटा ठेवते."

भाऊ मध्ये पडला. "अगं, चुकून दाबलं गेलं असेल."

"तुमी बोलू नका. तुमची बहीन हाय ती."

मी विषय नोंदवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये बिलिंगच्या बाईंपुढे ठेवला. त्या मूळच्या रायगडच्या किनाऱ्यावरच्या, त्यांच्या घरातली निम्मी माणसं आखातात. त्यामुळे कुठला फोन कुठल्या फोनशी कसा बोलतो, यावर त्यांच्या शब्दाला वजन. ईदच्या शुभेच्छांवरून त्यांच्या दोन नंदांनी याच कारणासाठी वर्षभर अबोला धरला होता.

"दोन वेगळ्या जातींचे फोन आहेत ना, ते एकमेकांशी जुन्या वाटेने बोलतात," डबा उघडता उघडता त्या म्हणाल्या. "त्या वाटेवरून फक्त अक्षरं जातात. अंगठा पाठवला तर त्याचं वाक्य होतं. हसू पाठवलं तर त्याचंही वाक्य. फोटो एकतर जात नाही, गेला तर टपालाच्या तिकिटाएवढा."

"मग उपाय?"

"आता नवीन वाट आली आहे. फोटो स्वच्छ जातो, अंगठ्याचा अंगठाच राहतो, ग्रुपही होतो. पण दोन्ही फोनांत ती चालू करावी लागते, तुमच्या ताईंचा फोन अपडेट हवा आणि सिमवाल्यांचीही तयारी हवी."

"तिघांचीही संमती?"

"निकाहसारखंच आहे," त्या म्हणाल्या. "सगळे हो म्हणाले तरच."

मी कागद काढला आणि यादीत अठरावं काम घातलं: दिघ्याला जाऊन ताईचा फोन अपडेट करणे.

शनिवारी गेले. ताई मशीनवर, पाय स्टुलावर, तोंडात टाचण्या. आजूबाजूला लग्नसराईतल्या ब्लाउजांचे ढीग. मी आधी मूळ मुद्दा काढला.

"भावजयीवर हसलीस?"

तिने टाचण्या काढून वाटीत टाकल्या. "हसले. ही लिहिते, आराम करा. हे बघ भोवती काय पडलंय. पुढच्या आठवड्यात दोन हळदी आहेत. आराम करा म्हणे. हसू नाही तर काय येईल?"

"तिला ते लेखी गेलं. इंग्रजीत."

"लेखी?" ताईचा पाय स्टुलावरून खालीच यायचा राहिला. "मी नुसती हसले गं! माणूस आपल्या घरात बसून हसला तर त्याचं काय पत्र जातं?"

"तुझ्या फोनवरून जातं."

ती बराच वेळ फोनकडे बघत राहिली, चहाडी करणाऱ्या शेजारणीकडे बघावं तशी.

"आणि तिच्या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्याला?" मी विचारलं. "चीक मी शिजवते, त्याला पण हसलीस?"

ताईने सुई उजेडात धरून दोरा ओवला. एरवी तिला एका दमात जमतं. त्या दिवशी तीन वेळा चुकला.

"ते बघू," ती म्हणाली.

अपडेट सुरू केलं तर फोन म्हणाला, जागा नाही. आत बघते तर ब्लाउजच्या गळ्यांचे फोटो. नऊशेच्या वर बायकांच्या पाठी, एकाही फोटोत चेहरा नाही.

"यातले काढूया."

"कुठली पाठ काढू? ही नॉटवाली? ही तर दर महिन्याला कोणीतरी मागते. हिला मटका गळा आहे. हिच्या नणंदेला अगदी हाच हवाय."

आम्ही एकेक पाठ तपासत बसलो. शेवटी ताईच्याच गुडघ्याचे चौतीस फोटो निघाले, ऑपरेशनच्या आधीचे, नंतरचे, टाके काढल्याचे. ते ती बिनतक्रार काढायला तयार झाली. "गेला तो गुडघा. ठेवून काय करू?" तेवढ्यात जागा झाली. अपडेटला दोन चहा लागले. मग सेटिंगमध्ये ते नवं बटण सापडलं. ते चालू केलं, काही झालं नाही. फोन बंद करून चालू केला, तरी नाही. दुसऱ्यांदा केला तेव्हा सिमवाल्यांनी संमती दिली असावी.

घरी येऊन मी माझ्या आणि भावजयीच्या फोनांतही ते बटण चालू केलं, आम्हा तिघींचा ग्रुप केला आणि परीक्षा म्हणून तळहातावर चार गहू घेऊन फोटो पाठवला. क्षणात उत्तर: 'डावीकडून दुसरा दाणा किडका आहे. आणि नखं काप.'

नवी वाट फारच स्वच्छ होती.

तिचे दुष्परिणामही लगेच कळले. या वाटेवर समोरचा लिहीत असला की तीन टिंबं हलताना दिसतात. जुन्या वाटेवर ही सोय नव्हती. ताईने ग्रुपवर भावजयीला लिहिलं: 'मी तुझ्या आराम करा म्हणण्याला हसले. बाकी काही नाही.' तिच्या मानाने ही मोठीच दिलगिरी. पाचच मिनिटांत ताईचा मला फोन.

"टिंबं आली आणि गेली."

"कसली?"

"तिची टिंबं. लिहायला घेतलं आणि पुसलं. तीनदा. काय पुसलं गं तिने?"

"मला कसं कळणार?"

"तू तिथे आहेस ना, जाऊन बघ."

मी गेले. भावजय गॅलरीत कपडे वाळत घालत होती, फोन चिमट्यांच्या टोपलीत. "काय लिवू?" ती म्हणाली. "ठीक हाय लिवलं तर राग धरला वाटेल. बरं लिवलं तर मानलं नाय वाटेल." शेवटी तिने नुसता अंगठा पाठवला. तो अंगठा म्हणूनच पोहोचला. ताईने मला कळवलं, "अंगठा दिला. वाकडा आहे की सरळ, कळत नाही."

भावजयीने विटांचा विषय परत काढला नाही, तेव्हा मी यादीत चिकापुढे तिचंच नाव ठेवलं. बुधवारी गहू भिजले. रोज पाणी बदललं, रोज फोटो गेला, रोज मंजूर झाला. शनिवारी वाटले, चोथा पिळून काढला, सत्त्व पातेल्यात बसायला ठेवलं. आणि असा तो रविवार आला, ज्याची हजेरी मी वर मांडली आहे.

भावजयीने वरची पिवळी निवळी ओतून दिली. खाली पांढराशुभ्र चीक. त्याचा फोटो. ताई: 'चांगला बसलाय.' आधण उकळलं, मीठ, हिंग पडला. भावजयीने चीक धार धरून सोडला आणि लाकडी उलथन्याने ढवळायला घेतलं. फोटो काढायचं काम माझ्याकडे.

ताई तिकडे मशीन बंद करून बसली होती, हे उत्तरांच्या वेगावरून कळत होतं.

'डाव्या कडेला गुठळी.'

'आता बरं.'

'भावाला खिडकीतून हलव, उजेड अडतोय.'

"हिला दिघ्याहून मी दिसतो?" भाऊ म्हणाला आणि सोऱ्या घेऊन बाहेर गेला.

'थांबा. अजून पांढरा आहे.'

चीक घट्ट होत आला. रंग बदलला, पांढऱ्याचा काचेसारखा झाला, उलथनं जड झालं. भावजयीच्या कपाळावरून घामाची धार. मी फोटो पाठवला आणि ग्रुपवर टिंबं हलायला लागली.

"काय म्हनतात?"

"लिहितेय."

टिंबं हलत राहिली. थांबली. पुन्हा हलली. पातेल्यात चीक फुटफुट करायला लागला. जास्त झाला तर सोऱ्यातून उतरत नाही, कमी राहिला तर कुरडई वाळून तुटते. यात मध्ये फार जागा नसते.

"काय म्हनतात, सांगा ना!"

"टिंबंच आहेत अजून."

भावजयीने माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. मग डाव्या हाताने तांब्या पुढे ओढला, बोट पाण्यात बुडवलं आणि चिकाला टेकवलं. उचललं. बोट कोरं होतं. तिने ते मला दाखवलं नाही, स्वतःच पाहिलं आणि गॅस बंद केला.

नऊ वर्षांत ताईच्या 'उतरवा'शिवाय त्या बटणाला लागलेला पहिलाच हात.

तेवढ्यात फोन वाजला. ताईचा मेसेज लांब होता. ती एका बोटाने लिहिते, म्हणून इतका वेळ. मी मोठ्याने वाचला:

'मला इथून चकाकी दिसते. चिकटतोय का ते दिसत नाही. फोटोत ते येत नाही. तू बोट ओलं करून लावून बघ आणि तूच ठरव. माझी वाट बघू नकोस, करपेल.'

भावजय पदराने तोंड पुसत उभी राहिली. वाफेमुळेही असेल. "वाट बघू नको म्हनतात," ती म्हणाली, "आनि मी बघितलीच नाय. आता?"

"आता सोऱ्या," मी म्हणाले. "गार झाला तर दोघींचंही वाया जाईल."

गच्चीवर भावाने दाबलं, भावजयीने वळण दिलं, विटा मी ठेवल्या. पहिली कुरडई जमली, एकही तार न तुटलेली. तिचा फोटो गेला. तासाभराने खाली येऊन पाहिलं तर फोटोच्या कोपऱ्यात छोटासा लाल बदाम. ना वाक्य, ना इंग्रजी. अठराव्या कामापुढे टिक केली होती ती सार्थकी लागली.

भावजयीने तो बदाम बराच वेळ निरखला. मग म्हणाली, "हसल्या तेव्हा लेखी आलं. आनि आता एवढुसा बदाम?"

"सुधारणा झाली ना फोनमध्ये."

"मना ती सुधारना नको. हा बदाम मागच्यासारखा लेखी पायजे."

मी मागणी ताईला कळवली. ती हसली. फोनवर, तोंडाने, त्यामुळे त्याची नोंद नाही. "आधी डबा आणायला सांग तिला," म्हणाली. "तिनेच आणायचा, तुझ्या हाती नको. माझ्यासमोर तळायच्या. खाल्ल्याशिवाय मी काही लिहून देत नाही."

आज गुरुवार. कुरडया कडकडीत वाळल्या. दिघ्याचा डबा भरून माझ्या फ्रीजवर ठेवला आहे, झाकणाला रबर लावून. काल भावजयीला विचारलं, कधी निघतेस? ती म्हणाली, "जाते ना." आज सकाळी विचारलं तर डब्याकडे बघत म्हणाली, "छोट्या ताई, आनि नाय आवडल्या तर?"

यादीत सगळ्यांपुढे टिक आहे. एकोणिसाव्यापुढे नाही: डबा दिघ्याला पोहोचवणे, भावजयीने स्वतः.